मास्तरांची न बोललेली वाक्यं

आमच्या गल्लीत आत्याला आत्या म्हणायचा हक्क असलेली एकच होती, तिची भाची. बाकी आम्ही सगळे त्या पोरीचं ऐकून म्हणायला लागलो आणि ते नाव तिला चिकटलं. जिन्याखालच्या अर्ध्या खोलीत तिचं दुरुस्तीचं दुकान. टेबलावर रबरी चटई, सोल्डरिंग आयर्न, भिंग लावलेला दिवा आणि पत्र्याच्या डब्यांत वेगवेगळे केलेले स्क्रू. मिक्सर, रेडिओ, कीबोर्ड, कानाची यंत्रं, जे येईल ते ती उघडायची आणि ते गिऱ्हाइकासमोरच. "तुमचीच वस्तू आहे, आत काय आहे ते बघून घ्या," म्हणायची. लोकांना घाई असायची, तरी दोन मिनिटं थांबून ते वाकून बघायचे.

मी त्याच घरात वर राहते. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणून आत्या मला प्रूफबाई म्हणते. हे सगळं झालं तेव्हा मी अधूनमधून तिथे होते. बाकीचं तिने आणि भाचीने सांगितलं.

आत्याच्या दुकानाला लागून तिच्या धाकट्या भावाची खोली. तो शिंपी होता. इस्पितळांचे आणि कारखान्यांचे गणवेश शिवायचा. त्यालाही कुणी नावाने हाक मारत नसे, सगळ्यांचे ते मास्तर. मास्तर बोलताना अडखळायचे. 'क' आणि 'च' त्यांच्या जिभेला फार छळायचे. कमरेचं माप चौतीस निघालं की गिऱ्हाईक टेपच्या विळख्यात हात वर करून उभं आणि मास्तर "च-च-च" वर अडकलेले. मग तेच म्हणायचे, "घाई असेल तर पस्तीस घ्या, प-पटकन निघतं." बायको लवकर गेली होती. लेक, म्हणजे आत्याची ती भाची, वही घेऊन मापं उतरवायची आणि बाप अडकला तरी शब्द पुरा करायची नाही, वाट बघायची. पुढे ती शाळेत विज्ञान शिकवायला लागली.

आजार आधी सुईत दिसला. मास्तरांना दोरा ओवता येईना. मग जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, नसा एकेक करून काम सोडतील, बोलणं सगळ्यांत आधी जाईल. आवाज अजून आहे तोवर साठवून ठेवा. एका कंपनीचं यंत्र मिळतं, पाटीएवढं. डोळ्यांनी अक्षरं निवडायची, यंत्र ती बोलतं, आणि आधी नमुने दिले असतील तर तुमच्याच आवाजात बोलतं.

नमुने म्हणजे तीनशे वाक्यं. मास्तरांनी ती कपडे बेतायच्या खोलीत म्हटली. तिथे चारी बाजूंनी कापड टांगलेलं, त्यामुळे आवाज घुमत नसे. लेक शाळेतून आली की एकेक वाक्य वाचून दाखवायची आणि मास्तर ते म्हणायचे. अडखळले की प्रोग्रॅम सांगायचा, 'पुन्हा म्हणा.' 'काकांनी काल काळं कापड कापलं नाही' हे वाक्य तर जणू त्यांच्या छळासाठीच लिहिलेलं. एकोणिसाव्या खेपेला आत्या भिंतीपलीकडून उठून आली आणि यंत्रावर ओरडली, "असाच बोलतो तो! घ्यायचं तर घे!" बापलेक हसून हसून बेजार. रोज तासाभराचं काम, पण त्याला दोन महिने लागले.

नमुने पुरे झाले आणि आवाज गेलाच. यंत्र आलं आणि मास्तर पुन्हा बोलायला लागले. बोलणं पहिल्यापेक्षा सरळ होतं, तरी 'क' च्या आधी तो आवाज एक बारीकसा श्वास घ्यायचा. तो कुणी मुद्दाम घातला नव्हता, नमुन्यांतून आपोआप आला होता. आत्या म्हणाली, "बघा, लपून आत शिरला." सात महिने त्या घरात पुन्हा चेष्टा-मस्करी चालली.

मग एका सकाळी आत्या दुकान उघडत होती. शेजारच्या खोलीतून पुरुषाचा आवाज आला. तरुण, गुळगुळीत, प्रत्येक शब्द स्वच्छ. "चहा झाला का?"

तिला वाटलं गिऱ्हाईक आलंय. "कोण आहे?"

"मीच आहे, ताई."

ती स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन तशीच दारात आली. खोलीत मास्तरांशिवाय कुणी नव्हतं. ते उशीला टेकून यंत्राकडे बघत होते. त्यांचे डोळे अक्षरांवरून सावकाश फिरले आणि त्या अनोळखी माणसाने त्यांच्या वतीने विचारलं, "हा कोण?"

रात्रीत यंत्राने आपलं आपण नवं सॉफ्टवेअर घेतलं होतं. कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली होती आणि नव्या मालकाने स्वतःच्या आवाजाची सोय बंद केली होती. आता यंत्रात एकच पुरुषी आवाज होता, सगळ्यांना तोच. आत्याने फोन लावला. पलीकडचा माणूस अगदी नम्र.

"माझ्या भावाचा आवाज कुठे आहे?"

"मॅडम, ती फाईल यंत्रात सुरक्षित आहे. फक्त नवीन सॉफ्टवेअर ती वाचत नाही."

"मग जुनं घालते."

"तसं करता येणार नाही."

"यंत्र आमचं आहे ना?"

"हो मॅडम, तुमचंच आहे."

"मग उघडते."

"उघडलंत तर ते तुमचं... म्हणजे, त्याची हमी राहणार नाही."

आत्याने हमीला कधी भीक घातली नव्हती. लेकीने यंत्र आलं तेव्हाच त्यातल्या सॉफ्टवेअरची एक नक्कल काढून ठेवली होती. आत्याने मागचे चार स्क्रू काढले, मास्तरांसमोरच, आणि ती जुनी नक्कल आत चढवली. पडदा काळा झाला. मग ओळ उमटली, 'अनधिकृत बदल आढळला. सेवा केंद्राशी संपर्क साधा.' नंतर काहीच नाही. त्यात कुलूप होतं. ज्या सॉफ्टवेअरवर कंपनीची गुप्त किल्ली उमटलेली नाही, ते यंत्र चालूच करत नसे.

सेवा केंद्राचा माणूस यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मास्तरांना कुठलाच आवाज नव्हता, परकासुद्धा नाही. लेकीने पुठ्ठ्यावर अक्षरांचा फळा करून दिला आणि ती शाळेत गेली. आत्या दुकान बंद करून भावासमोर बसली. एकेका ओळीवर बोट ठेवायचं, हवी ती ओळ आली की मास्तर डोळे मिटणार, मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. पहिल्या वाक्याला दहा मिनिटं लागली. ब. ट. ण. पुढे 'खालीवर.' आत्याने मान खाली घालून पाहिलं. घाईत तिने कुर्त्याची बटणं एक सोडून लावली होती. ती हसली आणि मग रडायला लागली.

माणूस आला, यंत्र पूर्ववत करून गेला. पूर्ववत म्हणजे त्या परक्या आवाजासकट. पण आत्याच्या मनातून ते दोन दिवस जाईनात. "मी माझ्या हाताने त्याची जीभ कापली, प्रूफबाई," असं ती मला जिन्यात म्हणाली. त्यानंतर तिने त्या यंत्राला हात लावला नाही. मास्तर बोलले की भिंतीपलीकडूनच उत्तर द्यायची. समोर गेलं की त्यांच्या चेहऱ्याआडून तो दुसराच माणूस बोलताना दिसायचा. ते तिला बघवत नसे.

काही दिवसांनी भाची माझ्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आली. यंत्रात 'कायदेशीर माहिती' असं एक पान असतं, कुणीही न उघडणारं. तिने ते सगळं छापून आणलं होतं, एक्केचाळीस पानं. "काकू, तुम्हाला बारीक अक्षर वाचायची सवय आहे."

मी चार दिवस भिंग घेऊन बसले. बाविसाव्या पानावर मला जे सापडलं ते साध्या शब्दांत असं. यंत्राला बोलतं करणारा प्रोग्रॅम कंपनीने लिहिलाच नव्हता. तो कितीतरी वर्षांपूर्वी काही लोकांनी लिहून जगाला मोकळा दिला होता. कुणीही वापरा, बदला, विकासुद्धा. अट एवढीच की तुम्ही तो ज्याच्या हाती द्याल, त्यालाही तेच हक्क मिळाले पाहिजेत. म्हणजे त्याने मागितलं की मूळ लिखाण द्यायचं. आणि यंत्र घरगुती वापराचं असेल, तर बदललेला प्रोग्रॅम त्यात घालून चालवता येईल अशी किल्लीही द्यायची. या अटींचं लायसन्स, म्हणजे परवाना, मास्तरांच्या यंत्रात होतं आणि कंपनीनेच ते शेवटच्या पानांत चिकटवलं होतं.

मी आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने दोनदा विचारलं, "म्हणजे आपण भीक मागत नाही?"

"नाही. हक्काचं मागतोय."

मसुदा मी लिहायचा, टाइप भाचीने करायचं आणि सही आत्याची. पहिल्या पत्राला आभाराचं उत्तर आलं. दुसऱ्याला तीन आठवड्यांनी मूळ लिखाण आलं, किल्ली नाही. तिसऱ्याला कळवलं, 'हे वैद्यकीय उपकरण असून घरगुती वस्तू नाही.' मी खाली जाऊन यंत्राचा खोका मागितला. बाजूला कंपनीने स्वतःच्या हाताने छापलं होतं, 'घरगुती वापरासाठी.' त्याचा फोटो चौथ्या पत्राला जोडला. उत्तर नाही.

मग भाचीने त्या मूळ प्रोग्रॅमच्या लेखकाचा पत्ता शोधला. तो गणित शिकवून निवृत्त झालेला म्हातारा, कुठल्या कुठे राहणारा. तिने कंपनीकडून आलेलं लिखाण त्याला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी त्याचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की कंपनीने मध्ये काही ओळी घुसवल्या आहेत. बोलण्याआधी यंत्र कंपनीच्या इंटरनेटवरच्या एका पत्त्यावर परवानगी विचारतं आणि तिथे आता कुणी नाही. म्हणून ते मास्तरांचा आवाज बाजूला ठेवतं. 'माझ्या प्रोग्रॅममध्ये असं दार नव्हतं,' त्याने लिहिलं. 'हक्क माझेही मोडले आहेत. मीही त्यांना लिहितो.'

इकडे मास्तर कमी कमी बोलू लागले होते. आम्ही म्हणायचो, आजार वाढला, डोळे थकतात. दिवसाकाठी पाच-सहा वाक्यं. पाणी, कूस, उजेड. एके दिवशी दुपारी तो गुळगुळीत आवाज म्हणाला, "खिडकी लावा, ऊन येतंय." लेकीने खिडकी लावली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गेले. तो आवाज त्यांना चिकटल्याला अकरा आठवडे झाले होते.

मास्तर गेले आणि तो माणूस मागे राहिला. आठवड्याने आत्या रक्त तपासायला दवाखान्यात गेली. बाकावर बसली होती, आणि छतातून आवाज आला, "टोकन क्रमांक सत्तेचाळीस, खिडकी तीन." ती ताडकन उभी राहिली. तिचं टोकन बावन्न होतं. तेच 'ख', तोच उतार. कुठल्याशा कंपनीने विकलेला तयार आवाज, तो सगळीकडे असणारच. पण आत्याला ते कोण समजावणार? नंतर तो तिला एका इमारतीच्या लिफ्टमध्ये भेटला. 'दार बंद होत आहे.' गाड्या लावायच्या तळघरात भेटला. ती म्हणायची, "माझा भाऊ मला गावभर हाका मारतोय आणि त्याला माझं नाव आठवत नाहीये."

सर्वांत वाईट झालं ते फोनवर. किल्लीचं काय झालं म्हणून तिने कंपनीला फोन लावला आणि तिला ताटकळत ठेवलं. भाची दुकानात आली तेव्हा आत्या रिसीव्हर कानाला घट्ट धरून बसली होती. पलीकडून तोच सांगत होता, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया थांबा. आत्या हळूच म्हणत होती, "थांबलेय रे. थांबलेय." भाचीने तिच्या हातातून फोन काढून घेतला. एरवी आत्याची टिंगल करणारी ही पोरगी, पण त्या दिवशी तिने नुसतं आत्याचं डोकं छातीशी धरलं.

मास्तर जाऊन एकोणीस दिवस झाले आणि किल्ली आली. कंपनीचं पत्र दोन ओळींचं होतं, खाली आकड्या-अक्षरांची एक लांबलचक रांग. त्या म्हाताऱ्याने परकी दारं काढलेला प्रोग्रॅम आधीच तयार करून पाठवला होता. दुपारी आम्ही तिघी मास्तरांच्या खोलीत बसलो. आत्या यंत्राला हात लावेना, म्हणून भाचीने सगळं केलं. पडदा काळा झाला तेव्हा आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पण या वेळी यंत्र उठलं. आवाजांच्या यादीत दोन नावं होती. खालचं मास्तरांचं.

भाचीने ते निवडलं. यंत्र तयार होतं. तिची बोटं अक्षरांवर गेली. बाप तिला लाडाने ज्या नावाने बोलवायचा ते ती लिहायला लागली. आत्याने तिचं मनगट धरलं.

"नको."

"एकदाच, आत्या. फक्त हाक."

"त्याने म्हटलं नाही ते त्याच्या तोंडात घालायचं नाही."

"आता यंत्र आपलं आहे ना? तूच भांडलीस त्यासाठी."

"यंत्र आपलं. आवाज आपला नाही, तो त्याचा." आत्याने मनगट सोडलं नाही.

भाचीने अक्षरं पुसली. मग काही तरी करायचं म्हणून तिने यंत्रातलं सगळं चाळायला घेतलं. तिथे बोललेल्या वाक्यांची यादी होती, तारीखवार. तिच्या खाली दुसरी यादी, 'लिहिलेली, न बोललेली.' एकोणतीस वाक्यं. सगळी त्या अकरा आठवड्यांतली. मास्तरांनी ती डोळ्यांनी एकेक अक्षर वेचून लिहिली होती आणि बोलायचं बटण दाबलं नव्हतं.

"हे तर त्यानेच म्हटलंय," भाची म्हणाली. आत्याने या वेळी हात आडवा घातला नाही. मीच म्हणाले, "लाव."

आणि मास्तर बोलले. 'लेकीला सांगायचं आहे, पण या माणसाच्या आवाजात नको. ऐकून ती त्यालाच आठवेल.' तेव्हा आम्हाला कळलं की त्यांचे डोळे थकले नव्हते. ते वाट बघत होते.

पुढची वाक्यं भाचीने खाली मान घालून ऐकली. 'नमुने घेताना दर वेळी अडखळत नव्हतो. काही वेळा मुद्दाम चुकायचो. तू अजून थोडा वेळ बसायचीस.' 'क' च्या आधी तोच श्वास. काही वाक्यं इस्पितळातल्या गणवेशांविषयी होती, कुणाची बाही लांब राहिली ते सांगणारी. एक माझ्यासाठी होतं, 'प्रूफबाईंना सांगा, जिन्यात इतकं मोठ्याने बोलू नका, सगळं ऐकू येतं.' मी जिन्यात आत्याशी काय काय बोलले होते ते आठवून मला घाम फुटला.

चोविसावं असं होतं, 'ताई, फळा बरा होता. तू समोर बसायचीस.'

आत्या उठली नाही की रडली नाही. तिने फक्त विचारलं, "तारीख काय आहे?" भाचीने सांगितली. त्यानंतरही एकवीस दिवस मास्तर जिवंत होते आणि ती भिंतीपलीकडे बसून होती.

शेवटचं वाक्य मरणाच्या आदल्या दिवशीचं, खिडकीच्याही नंतरचं. ते पुरं झालेलं नव्हतं. यंत्राने जेवढं होतं तेवढं म्हटलं. 'ताई, मला भ'

भाचीने यादी खाली सरकवून पाहिली. पुढे काही नव्हतं.

"भूक म्हणायचं असेल," मी म्हणाले.

"भूक लागली की तो पोरीला सांगायचा," आत्या म्हणाली. "मला नाही."

त्या एका अक्षराने तिला वर्षभर सोडलं नाही. दुकानात काम करता करता मध्येच हात थांबायचा आणि ती एखादा शब्द पुटपुटायची. भीती. भेट. भास. भरून येतंय. एकदा मला जिन्यातून हाक मारून म्हणाली, "प्रूफबाई, 'भ' ने सुरू होणारं एखादं बरं काही सांगा ना." मी एकतीस वर्षं शब्दांत घालवलेली बाई, मला एकही सुचलं नाही.

किल्ली त्या कंपनीने आम्हाला एकट्यांनाच दिली होती. म्हाताऱ्याने पुन्हा कडक पत्र लिहिलं की लायसन्समधला हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाचा आहे, भांडणाऱ्याच्या तोंडावर फेकायचा तुकडा नव्हे. चार महिन्यांनी त्यांनी ती मागेल त्याला द्यायला सुरुवात केली. भाचीने सगळी कृती साध्या भाषेत लिहून काढली, मी तपासली. लोक आपापल्या घरी ती वापरू लागले. ज्यांना जमत नव्हतं ते आत्याकडे येऊ लागले.

आत्या सुरुवातीला नाही म्हणायची. मग एक बस चालवणारी बाई आली, नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून घेऊन. नवऱ्याच्या मांडीवर तेच यंत्र. त्याने त्या गुळगुळीत आवाजात आत्याला नमस्कार केला. मला वाटलं ही आता दार लावून घेणार. पण तिने स्टूल ओढलं, त्याच्या अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल अशी, आणि दीड तास त्याच्याकडे बघत बघत काम केलं.

यंत्र उठलं तेव्हा त्या माणसाने बराच वेळ अक्षरं वेचली. जाड, घोगरा, पानवाल्याशी भांडत असावा तसा आवाज निघाला. "ब्रेक जरा हळू दाबत जा."

बायकोने कपाळाला हात लावला. "अगं बाई, झाला सुरू! आठ महिने किती शांततेत गेले होते!" हे म्हणता म्हणता तिने तोंडावर ओढणी दाबली आणि ती खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली, नवऱ्याला दिसू नये म्हणून.

आत्या त्या माणसासमोर तशीच बसून होती. "अजून बोला," ती म्हणाली. "मला घाई नाही."